अकरा रोलर, सहा भोकं: मॉरिस मायनरचा मूळ फ्युएल पंप ओळखून चालू करेपर्यंत

गाडी १९५१ ची मॉरिस मायनर, सीरिज एमएम, ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला हीच गाडी ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने काढली होती, त्यामुळे आपल्याकडे अजूनही काही घरांच्या पडवीत ती झाकून ठेवलेली सापडते. आमच्या हातात आली तेव्हा इंजिन चालू होत होतं, पण कार्बोरेटरच्या फ्लोटच्या डब्यातून पेट्रोल ओसंडत होतं. टाकीजवळ चौकोनी इलेक्ट्रिक पंप बसवलेला होता, बाजारात कुठल्याही गाडीला चालतो म्हणून मिळतो तसला. त्याच्या पाकिटावर दाब ४ ते ६ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) छापलेला. या गाडीचा एसयू कंपनीचा कार्बोरेटर मूळ पंपाच्या दीड पीएसआयच्या आसपासच्या दाबासाठी आहे. तिप्पट-चौपट दाब आला की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तग धरत नाही आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टच्या बाजूला टपकतं. कार्बोरेटर तीनदा खोलून झाला होता, दोष मात्र त्याच्यात नव्हताच.

गाडीसोबत बिस्किटांच्या डब्यात दोन जुने पंप आले होते. दोन्ही एसयूचे, दोन्ही मुके, म्हणजे बंद. मूळचा कोणता, हे ठरवण्यापासून काम सुरू झालं. ८ जून २०२५, रविवार.

आधी गाडी बघा, मग पंप. आमच्या गाडीत इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर, बोनेटखाली, दोन भोकं रिकामी होती आणि त्यांच्याभोवती मूळ रंगाचा न उडालेला गोल डाग होता. शेजारी कापलेल्या पांढऱ्या वायरचं टोक. लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये पांढरी वायर म्हणजे इग्निशनची चावी फिरवल्यावर चालू होणारी लाइन. म्हणजे मूळ पंप टाकीपाशी नव्हता, इंजिनाजवळ होता आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेत होता. एसयूने असे ओढणारे पंप ‘एल’ प्रकारात केले. टाकीजवळ बसून पेट्रोल पुढे ढकलणारे ‘एचपी’ प्रकारातले, म्हणजे जास्त दाबाचे. ते एमजीए, जग्वार अशा गाड्यांना लागत.

दोन्ही पंप शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो: कॉइलचा लोखंडी डबा एलमध्ये आखूड, एचपीमध्ये लांब. खालचा भाग वरवर बघता सारखाच असतो. आपल्याकडे त्यामुळेच घोळ होतो. एकाचा डबा आणि दुसऱ्याचा खालचा भाग जोडलेले पंप सर्रास मिळतात. तिसराही एक प्रकार भेटतो, नंतरचा एयूएफ २००. त्याची आत येणारी आणि बाहेर जाणारी नळी दोन्ही आडव्या असतात आणि व्हॉल्व्ह एका पट्टीखाली दोन स्क्रूंनी दाबलेले असतात. आमच्या एलमध्ये तळाला जाळीचा षटकोनी पितळी प्लग होता आणि वरून बाहेर जाणारं युनियन, म्हणजे नळीचा जोड. नंबराचा पातळ पत्रा बहुतेक पंपांवरून कधीच गळून गेलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. फोटो काढा, मापं घ्या, भोकांचं अंतर गाडीवरच्या भोकांशी जुळवा. आमचा आखूड पंप नेमका जुळला.

सध्या विंटेज नोंदणीची फाइल करणाऱ्यांनी हे फोटो जपून ठेवावेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेल्या दुचाकी-चारचाकीला ही नोंदणी मिळते; अट अशी की चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत बदल केलेला नसावा. अर्ज परिवहन पोर्टलवर, फॉर्म २०, सोबत विमा आणि जुनं आरसी. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नियमात फ्युएल पंपाचं नाव नाही. तरीही पत्र्याला नवी भोकं पाडून परका पंप बसवण्याआधी दहा वेळा विचार करावा, कारण पाडलेलं भोक पुन्हा मूळसारखं बुजवता येत नाही.

१४ जूनला पंप खोलला. त्याआधी हत्यारांची तयारी. या पंपाचे बहुतेक स्क्रू २ बीए या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे आहेत: व्यास ४.७० मिमी, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८१. आपला एम५ म्हणजे ५ मिमी, पिच ०.८. पिच जवळजवळ सारखी असल्याने एम५ चा स्क्रू जोर लावला की दोन-तीन आटे बसतो आणि तिथेच ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. आमच्या सहांपैकी दोन भोकांत कुणीतरी हे करून ठेवलेलं होतं. नटाला पानाही नेमका लागत नाही, सपाटी ८.२३ मिमी आहे. ८ चा पाना जात नाही, ९ चा फिरून कडा घासतो. उद्यमनगरात एका टर्नरमामांनी जुना ८ चा बॉक्स पाना घासून दिला आणि दोन भोकांत आटे भरून २ बीएचा टॅप मारून दिला, दोन्हीचे मिळून ६०० रुपये.

खोलायचा क्रम असा. बॅकेलाइटची टोपी काढा. कॉइलचा डबा आणि खालचा भाग यांच्यावर खडूने नव्हे, टोकदार सुईने एक बारीक रेघ ओढा, म्हणजे नळ्यांची दिशा चुकत नाही. मग सहा स्क्रू. दोन भाग सुटले की डायफ्राम, म्हणजे मागेपुढे हलून पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा दिसतो. त्याच्या मधोमध लोखंडी आर्मेचर आहे, कॉइलचं चुंबक ओढतं तो तुकडा. तो डायफ्रामसकट डावीकडे फिरवून सोडवायचा, पण हे काम पसरट ताटात किंवा ट्रेमध्येच करा. आर्मेचर मध्यावर धरून ठेवायला डायफ्रामच्या कडेने अकरा पितळी रोलर असतात, गोलसर कडांचे, वाटाण्याएवढे. कशालाही बांधलेले नसतात. डबा उलटा होताच ते घरंगळतात, आणि आपल्याला धस्स होतं. आमचे नऊ ट्रेमध्ये पडले, दोन पायपुसण्याखाली सापडले. मोजून एका डबीत घाला. शिवाय शंखासारखी वेटोळी स्प्रिंग निघते; तिचं मोठं तोंड कॉइलच्या बाजूला होतं, हे लिहून ठेवा.

आता दुसरं टोक, पॉइंटचं, म्हणजे कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचं. इथला टर्मिनलचा बोल्ट ढिला करताना वायसरांचा क्रम फोटोत पकडा: आधी स्प्रिंग वायसर, मग कॉइलच्या वायरीचा टॅग, मग शिशाचा वायसर, मग खोलगट तोंडाचा नट, खोलगट बाजू शिशाकडे. शिसं मऊ असतं, ते दबून सगळ्या बाजूंनी घट्ट संपर्क देतं. पुष्कळ पंप याच एका वायसरामुळे बंद पडतात. कुणीतरी तो ‘बिनकामाचा’ म्हणून टाकून दिलेला असतो. नवा करायला मासेमारीच्या गळाचं शिसं हातोडीने सपाट करून चालतं. पॉइंटची उघडझाप करणारा रॉकर ज्या खिळीवर झुलतो ती खिळी खास कडक केलेल्या पोलादाची असते. हरवली तर साधी तार घालू नका, ती झिजून रॉकर वाकडा होतो.

आमच्या पंपाचा आजार दोन जागी होता. टंगस्टनच्या पॉइंटवर एका बाजूला निळसर खळगा आणि समोर तेवढाच टेंगूळ. भिंगातून बघितलं तर जळलेल्या विस्तवाच्या काठासारखी राखाडी कड. प्रत्येक टिकला इथे ठिणगी पडते आणि वर्षानुवर्षं धातू एकीकडून दुसरीकडे सरकतो. दुसरं म्हणजे डायफ्राम. तो इतका कडक झाला होता की वाकवल्यावर पापडासारखा कडकन तुटला. आतल्या भागात जुन्या पेट्रोलचा तपकिरी डिंक होता, वास आंबूस, वार्निशसारखा. कॉइलला मात्र काही झालं नव्हतं. कॉइल शाबूत असेल तर पंप वाचतो. कॉइलचा गाभा कधी सोडवू नका, त्याची जागा कारखान्यात पक्की केलेली असते.

खालचा पितळी-ॲल्युमिनियमचा भाग, व्हॉल्व्हची डबी आणि जाळी थिनरमध्ये रात्रभर ठेवली आणि मऊ ब्रशने घासली. कॉइलचा डबा थिनरमध्ये बुडवायचा नाही, आतलं वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं. तो कापडाने पुसायचा.

१६ जूनला इंग्लंडमधून सामान मागवलं: डायफ्राम आणि आर्मेचरची जोडी ३४ पौंड, पॉइंटचा संच २४, गॅस्केट व फायबर वायसरांचा संच ९, टपालखर्च २२. एकूण ८९ पौंड, बँकेच्या दराने साधारण १०,४०० रुपये. मागवताना दोन गोष्टी विचारून घ्या. डायफ्राम इथेनॉल सहन करणारा आहे का? आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुन्या रबराला ते फुगवतं आणि पाणी धरून ठेवतं. दुसरं, पॉइंटच्या संचात डायोड आहे की कंडेन्सर? आमची गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. डायोड असलेला पंप उलट्या पोलॅरिटीवर लावला तर डायोड जळतो. कंडेन्सरवाल्याला ही अडचण नसते, आम्ही तोच घेतला.

पार्सल २५ जूनला मुंबईत आलं आणि तिथेच अडकलं. कुरियर कंपनीने ईमेलवर मागितलं ते असं: आधारची प्रत, पॅनची प्रत, त्यांना माझ्या वतीने कस्टम्समध्ये काम करण्याचं सहीचं अधिकारपत्र, मूळ बिल आणि पैसे भरल्याचा बँकेचा कागद. बिलावर विक्रेत्याने फक्त ‘कार पार्ट्स’ लिहिलं होतं. त्यावरून चौकशी आली. विक्रेत्याकडून दुसरं बिल घ्यावं लागलं, त्यात प्रत्येक वस्तू वेगळी, ‘द्रव पंपाचे सुटे भाग’ म्हणून ८४१३ या शीर्षाखाली, ‘नवीन, न वापरलेले, इंधन नाही’ असं स्पष्ट. हे वाक्य पहिल्या बिलातच लिहून घ्या. वापरलेला पंप मागवणार असाल तर तो पूर्ण रिकामा आणि धुतलेला असावा लागतो, पेट्रोलचा वास आला तर विमानाने पाठवणारे घेत नाहीत. कागद दोनदा पाठवून, फोनवर फोन करून ७ जुलैला सुटका झाली. ड्युटी आणि कुरियरची हाताळणी मिळून ४,१५० रुपये. घरी पोचलं १० जुलैला. ही तीन आठवड्यांची वाट पाहताना सगळ्यात जास्त मनात येतं की परत तो चौकोनी पंपच लावून टाकावा. तो वेळ टाकी धुण्यात घाला. घाण टाकीवर स्वच्छ पंप बसवला तर आठवड्यात जाळी भरते.

१३ जुलैला जोडणी. आधी पॉइंट. पातळ पट्टी बॅकेलाइटच्या स्टँडला चिकटून बसते, कॉइलचा टॅग तिच्या वर, स्क्रूच्या डोक्याकडे. उलट बसवली तर पट्टी तिरकी राहते. पॉइंट सुटण्याच्या क्षणी पट्टी स्टँडवरच्या अरुंद कडेला टेकलेली हवी आणि त्या वेळी बाहेरच्या रॉकरचे पांढरे रोलर लोखंडी अंगापासून ०.०३० इंच, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर दूर हवेत. फीलर गेजने बघा, डोळ्याच्या अंदाजाने नाही.

मग डायफ्रामचं सेटिंग. सगळा पंप या एका पायरीवर अवलंबून आहे, म्हणून सावकाश सांगतो. पातळ पट्टी बाजूला करा. स्प्रिंग आत, मोठं तोंड कॉइलकडे, आर्मेचरच्या खळग्यात रबराची छोटी चकती. आर्मेचर उजवीकडे फिरवत आत घट्ट न्या. पंप आडवा धरून दोन्ही अंगठ्यांनी आर्मेचर आत दाबा, स्थिर आणि ठाम दाबाने. रॉकर उलटणार नाही, कारण आर्मेचर फार आत आहे. आता एकेक भोक, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, डावीकडे सोडवत, प्रत्येक वेळी दाबून बघा. एका जागी रॉकर ‘टक’ करून उलटेल. झटका देऊन दाबलं तर तो आधीच उलटतो आणि माप खोटं निघतं. म्हणून दाब हळूहळू वाढवायचा. उलटला की डायफ्रामच्या कडेची सहा भोकं डब्याच्या भोकांशी जुळतील अशा जवळच्या जागी आणा. तिथून आणखी चार भोकं डावीकडे सोडवा. सहातली चार, म्हणजे दोन तृतीयांश फेरा.

हे चार भोकांचं माप का? आर्मेचर फार आत राहिला तर झिज झाल्यावर रॉकर उलटत नाही, पॉइंट जुळलेलेच राहतात, वीज सतत वाहते आणि कॉइल तापून जाते. फार बाहेर राहिला तर झेप आखूड होते, पंप टिकटिक करतो पण पेट्रोल कमी देतो. मोजताना पहिलं भोक पेनने खूण केल्याशिवाय सोडवू नका. आम्ही पहिल्यांदा पाच मोजले.

आता अकरा रोलर जागेवर ठेवा, डबा उलटा करायचा नाही. व्हॉल्व्हच्या पितळी चकत्यांची गुळगुळीत बाजू खाली. व्हॉल्व्हच्या डबीखाली पातळ लाल कडक फायबर वायसर, वर जाड नारिंगी. हे दोन अदलाबदल झाले की युनियन घट्ट होतं पण गळतं. डायफ्रामवर किंवा त्याच्या पॅकिंगवर कुठलंही सोल्युशन लावायचं नाही. सहा स्क्रू हाताने टेकवा, आवळू नका. रॉकरच्या पांढऱ्या रोलरमागे आगकाडीचा तुकडा घाला म्हणजे पॉइंट जुळलेले राहतात, मग १२ व्होल्ट द्या. चुंबक आर्मेचर आत ओढून धरतो, डायफ्राम ताणला जातो, आणि त्याच अवस्थेत स्क्रू समोरासमोरचे एकेक करून आवळायचे. ताण दिल्याशिवाय आवळलं तर डायफ्राम सुरकुततो आणि झेप अपुरी पडते. वीज अर्धा मिनिटापेक्षा जास्त देऊ नका, कॉइल गरम होते. काडी काढायला विसरू नका.

चाचणीसाठी पेट्रोल वापरू नका, टोपीखाली ठिणगी पडते. जुन्या पुस्तिकांत रॉकेल सांगितलंय, ते आता सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं, १५० रुपये लिटरच्या आसपास पडलं. अंगणात, मोकळ्या हवेत. पंपाच्या अंगाची अर्थ वायर विसरू नका, डब्याच्या कडेवरच्या स्क्रूला ती जोडावी लागते.

पहिली चाचणी, १५ जुलै. पंप टिकटिकला! पाच आठवड्यांच्या खटपटीनंतर तो आवाज ऐकला आणि आम्ही दोघे नुसते गप्प ऐकत राहिलो. पण बाहेरच्या नळीचं टोक टर्पेंटाइनखाली बुडवल्यावर बुडबुडे थांबेनात, आणि एका मिनिटात ३४० मिली निघालं. चांगल्या एल पंपाने मिनिटाला निदान अर्धा लिटर द्यायला हवा. बुडबुडे म्हणजे ओढणाऱ्या बाजूला हवा शिरतेय. तळाच्या जाळीच्या प्लगखालचा फायबर वायसर जुनाच ठेवला होता, तो बदलला. शिवाय चुकून जास्त सोडवलेलं पाचवं भोक परत आत फिरवून चारवर आणलं. दुसरी चाचणी २० जुलै: ५६० मिली, बुडबुडे पहिल्या काही सेकंदांनंतर बंद. मग बाहेरची नळी अंगठ्याने बंद केली. पंप थांबतो, पुन्हा टिक पंधरा सेकंदांच्या आत यायला नको. आमचा चार सेकंदांत टिकत होता. व्हॉल्व्हची चकती काढून काचेवर १२०० नंबरच्या कागदावर आठाच्या आकारात घासली, बैठक स्वच्छ केली. त्यानंतर अठरा सेकंद. शेवटी बॅटरी चार्जरच्या जागी बदलता येणारा पुरवठा लावून व्होल्टेज ९.५ पर्यंत उतरवलं, तरी चालला. स्टार्टर मारताना बॅटरी तेवढी खाली येते, म्हणून हे बघणं गरजेचं.

२७ जुलैला गाडीवर. मूळच्या दोन भोकांत रबरी वायसर घालून पंप बसवला, पांढरी वायर नवीन टॅगने जोडली, चौकोनी पंप टाकीपासून काढला. रबरी नळ्या आर९ दर्जाच्या घेतल्या, साध्या नळ्या इथेनॉलने आतून भुसभुशीत होतात. चावी फिरवली की आधी जलद टिकटिक, फ्लोटचा डबा भरला की शांतता. इंजिन मंद चालताना काही सेकंदांनी एक टिक. हा आवाज पाठ करून ठेवा, कारण बिघाड तोच सांगतो: चावी फिरवल्यावर जलद टिकटिक थांबतच नसेल तर टाकी रिकामी किंवा नळीत हवा, बिलकूल आवाज नसेल तर पॉइंट किंवा अर्थ, इंजिन बंद असताना अधूनमधून टिक येत असेल तर फ्लोटची सुई किंवा व्हॉल्व्ह गळतोय. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाडीशेजारी गप्पा मारत बसू नका, पॉइंट जुळलेले राहिले तर कॉइल तापते.

एकूण खर्च: सामान १०,४००, ड्युटी व हाताळणी ४,१५०, टर्नर ६००, टर्पेंटाइन, नळ्या, क्लिप मिळून ९८०. बेरीज १६,१३० रुपये. वेळ सात आठवडे, त्यातले साडेतीन नुसती वाट पाहण्यात.

२४ ऑगस्टला, ३१० किलोमीटर चालल्यावर, जाळीचा प्लग पुन्हा काढला. जाळीवर टाकीतला गंजाचा चिमूटभर लाल चुरा आणि पाण्याचा एक थेंब होता. धुऊन नवीन फायबर वायसरसह बसवला. वायसर पुन्हा वापरायचा नाही, म्हणून संचातले उरलेले चार गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, पाकिटावर ‘प्लग’ लिहून ठेवले आहेत.